आठ जीबीचा सातबारा

जुलै 2023 ची गोष्ट. दुकानातल्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये मी आठ जीबी रॅम बसवली होती आणि स्क्रीनवर लिहून येत होतं: इन्स्टॉल्ड मेमरी 8.00 जीबी, युजेबल 2.96 जीबी. म्हणजे बसवलेली आठ आणि वापरता येणारी तीनपेक्षाही कमी. मधली पाच जीबी गेली कुठं, हे शोधता शोधता तीन दिवसांत मी दोन माणसांवर संशय घेतला. एकाला फोनवर बोललो. दुसऱ्याला तोंडावर बोललो, गिऱ्हाइकांच्या देखत, आणि तेही रोजा असताना.

कॉम्प्युटर पुढं नीट झाला. तो कसा झाला ते लिहितो, कारण हाच बिघाड घेऊन अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी दुकानात येतं. दुसरी गोष्ट आजवर लिहायची टाळली होती, तीही लिहितो.

ज्यांनी वारंगा फाटा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेडहून येणारा रस्ता आमच्याकडं फुटतो. एक फाटा कळमनुरी, हिंगोली करत अकोल्याकडं जातो, दुसरा उमरखेड, यवतमाळ करत नागपूरकडं. त्यामुळं गाव लहान पण वर्दळ मोठी. खिचडी खायला गाड्या थांबतात, ट्रकवाले चहाला उतरतात, आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कागदपत्रांच्या कामाला येतात. माझं दुकान झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि टायपिंगचं. त्याच्याआधी त्याच जागेत अब्बांचं टेबल होतं. आमचा भाग निजामाच्या राज्यातला. जमिनीचे जुने कागद उर्दूत. ते वाचून घ्यायला लोक अब्बांकडं यायचे. आजोबा-पणजोबांच्या काळातला कागद टेबलावर ठेवून, "वाचून ठेवा, बाजार करून येतो" म्हणत निघून जायचे. पावती नाही, सही नाही. मी हे का सांगतोय ते पुढं येईल.

त्या वर्षी खरिपाचा पीक विमा पहिल्यांदाच एक रुपयात झाला होता. शेतकऱ्याच्या हिश्श्याचा बाकी हप्ता राज्य सरकार भरणार होतं. त्यामुळं ज्यांनी आयुष्यात विमा काढला नाही असेही लोक आले. राज्यभरात दीड कोटीहून जास्त अर्ज भरले गेले, त्यातले काही माझ्या त्या एका खुर्चीतून. शेवटची तारीख 31 जुलै. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पेरणीचं घोषणापत्र एवढं सगळं स्कॅन करायचं, बारीक करायचं, चढवायचं. एका अर्जाचे केंद्रचालकाला चाळीस रुपये मिळायचे. दिवसा साइट चालायची नाही म्हणून आम्ही रात्री बसायचो. पोरं चहाचे थर्मास घेऊन, शेतकरी पोती अंथरून दुकानाच्या पायरीवर झोपलेले.

अशात काउंटरवरचा कॉम्प्युटर दम तोडायला लागला. 2012 साली जोडून घेतलेला तो. आय-थ्री प्रोसेसर, रॅमसाठी दोनच खाचा, त्यातल्या एकीत दोन जीबीची एक पट्टी. त्यावर विंडोज 7. त्या विंडोजचा जनाजा कंपनीनं जानेवारी 2020 मध्येच उठवला होता. माझ्याकडं मात्र ती रोज सकाळी उठून कामाला लागायची. ठेवण्याचं कारण एकच. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल त्याच विंडोजवर चालायचं, आणि वकिलांच्या नोटिसा, अर्ज, सगळी टायपिंगची कामं त्यातच साठलेली. ब्राउझरमध्ये विम्याचं पान, सातबाऱ्याचं पान आणि वर स्कॅनर असं तिन्ही उघडलं की माउसचा बाण गोल गोल फिरत बसायचा. आतल्या खोलीत दुसरा एक कॉम्प्युटर होता, जरा नवा, चार जीबीचा, पण रॅमची जात तीच. त्यावर दुकानातला पोरगा बसायचा.

हा पोरगा बाळापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला. बारावी झालेला, पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे हायवेच्या कडेनं पळायचा, दहाला दुकानात यायचा. मला भाई म्हणायचा. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणजे एमएस-सीआयटी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, पण हाताला समज होती.

बुधवारी, 26 तारखेला, मी त्याला पैसे देऊन एसटीनं नांदेडला पाठवलं. तासाभराचा रस्ता. चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या आण म्हटलं. जुन्या वापरलेल्या आण, नव्या मिळाल्या तरी या म्हाताऱ्या मशीनवर पैसे घालायचे नाहीत. तो संध्याकाळी आला. वहीच्या पानावर लिहिलेलं बिल आणि उरलेले पैसे काउंटरवर ठेवले आणि काहीतरी सांगायला लागला. पुढ्यात सात-आठ माणसं उभी होती. मी म्हणालो, नंतर सांग.

ते नंतर त्या दिवशी आलंच नाही.

रात्री अकराला कॅबिनेट उघडलं, जुनी पट्टी काढली, नव्या दोन बसवल्या. मशीन सुरू केली तर चारच जीबी दिसली. एक पट्टी मेलेली, असं माझ्या मनानं तिथल्या तिथं ठरवलं. नांदेडच्या दुकानदाराला त्या वेळी फोन लावला. झोपेतून उठलेल्या माणसाला जे बोलू नये ते बोललो: गरजवंताला कचरा विकता, वगैरे. तो शांत होता. म्हणाला, "मियाँ, खोडरबर से घिस के देखो, फिर बोलो."

गुरुवारी सकाळी तसं केलं. रॅमच्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांच्यावर काळपट थर चढतो. शाळेतल्या पोरांचं साधं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवलं की ते चकाकतात. त्यानंतर एकच पट्टी घेऊन पहिल्या खाचेत लावून पाहिली: चालली. ती काढून दुसरी तिथंच लावली: तीही चालली. म्हणजे दोन्ही पट्ट्या जिवंत. मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत लावली, तर स्क्रीन काळी. दोष पट्टीचा नव्हता, खाचेचा होता. अकरा वर्षं त्या खाचेत काही बसलंच नव्हतं. दोन हायवेंची धूळ, रस्त्याच्या कामाच्या वेळची खडी, आणि आमच्या भागात हळदीच्या दिवसांत हवेत असते ती पिवळी भुकटी, सगळं त्यात जाऊन बसलेलं. रंगाच्या बारीक ब्रशनं साफ केली, फुंकर मात्र मारली नाही, कारण फुंकरीत थुंकी असते. मशीन सुरू होताना बायोसमध्ये 8192 एमबी आलं.

दुकानदाराला फोन करून माफी मागायला हवी होती. ती मागितली नाही. "झालं एकदाचं" म्हणून कामाला लागलो.

तासाभरात पुन्हा तेच. बाण फिरतोय, पान पांढरं पडलंय. प्रॉपर्टीज उघडून पाहिलं तर तो सुरुवातीला सांगितलेला आकडा: आठ, पण युजेबल 2.96.

आता यातली शरमेची गोष्ट ऐका. त्याच आठवड्यात मी निदान शंभर शेतकऱ्यांना एकच गोष्ट समजावून सांगितली होती. शेतकरी म्हणायचा, सातबारा एक हेक्टर साठ आरचा आहे, विम्यात क्षेत्र कमी का दाखवताय? मी बोट ठेवून दाखवायचो: मामा, हे बघा, खाली पोटखराब लिहिलंय वीस आर. ते तुमच्याच नावावर आहे, पण पेरणीत धरत नाहीत. पोटखराब म्हणजे खडक, खळं, गोठा. आणि त्यातला दुसरा वर्ग म्हणजे नाला, वहिवाटीचा रस्ता अशा कामासाठी राखून ठेवलेला. जमीन कुठं गेली नाही, जागेवरच आहे. फक्त पेरता येत नाही. माणूस मान डोलावून अंगठा द्यायचा. आणि माझ्या स्वतःच्या स्क्रीनवर सातबाऱ्यासारखाच एकूण आणि लागवडीलायक असा दोन आकड्यांचा उतारा आला, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो चोरी.

शुक्रवारी मोहर्रमची नऊ तारीख होती. नऊ आणि दहा असे दोन रोजे आमच्या घरी सगळे ठेवतात. जुम्याची नमाज पढून आलो, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरगा म्हणाला, भाई, एमएसकॉन्फिगमध्ये मॅक्झिमम मेमरी म्हणून एक खूण असते, ती चुकून लागली असेल तर मेमरी कमी दिसते. पाहिलं, खूण नव्हती. मग त्यानं अजून एक सुचवलं: यातली एक पट्टी काढून आतल्या मशीनमध्ये लावू, तिथं कामाला येईल. मला वाटलं, याला स्वतःचं मशीन पळवायचंय. तेवढ्यात काउंटरवरचा अर्ज शेवटच्या पानावर अडकला. पाऊण तास उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचा अर्ज. आणि मी बोललो.

काय बोललो ते शब्दशः लिहवत नाही. सारांश असा, की नांदेडला तू गेला होतास, माल तू आणलास, बिल वहीच्या पानावर आहे, तर खरे किती दिले आणि खिशात किती गेले ते तुलाच माहीत. दुकानात दहा-बारा माणसं होती. पोरगा काही बोलला नाही. हातातलं पासबुक स्कॅन करून पूर्ण केलं, शेतकऱ्याच्या हातात दिलं, चप्पल घातली आणि गेला. मी पुढचा नंबर पुकारला.

शनिवारी आशुरा. सुट्टी होती, पण पीक विम्याला सुट्टी नसते म्हणून दुकान उघडलं. पोरगा आला नाही. आमच्याकडं मोहर्रमला सगळं गावच रस्त्यावर असतं. नवस बोललेले मराठ्यांचे, धनगरांचे लोकही सवारीपुढं ऊद जाळायला येतात. शरबत वाटणारी पोरं दुकानासमोरून जात होती आणि मी एकटा दोन माणसांचं काम करत बसलो होतो. मगरिबला रोजा सोडला, अम्मीनं केलेले चोंगे खाल्ले, आणि नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला. माफी मागायला नव्हे. पोराला त्यानं नेमके किती रुपयांना माल दिला ते विचारायला.

त्यानं रक्कम सांगितली. वहीच्या पानावर होती तीच, रुपयाचा फरक नाही. मग त्यानं विचारलं, आता काय झालं? मी आकडा सांगितला. तो हसला.

"मियाँ, पोट्टा तो मेरेकू पूछ के गया था. बोला, हमारी विंडो बत्तीस की है, चलेगी क्या? मैं बोला, दिखेगी आठ, चलेगी तीन. एक काउंटर पे लगा, एक दूसरी मशीन में. तुमकू बोला नहीं उनो?"

बोलायला आला होता. मीच म्हणालो होतो, नंतर सांग.

आता ही बत्तीसची भानगड थोडी सविस्तर सांगतो, कारण मलाही ती माहीत होती, आणि माहीत असून आठवली नव्हती.

कॉम्प्युटर मेमरीतली प्रत्येक बाइट तिच्या पत्त्यावरून ओळखतो. पत्ता नसेल तर ती बाइट जागेवर असूनही त्याच्या लेखी नाही. 32 बिटच्या विंडोजमध्ये पत्ता लिहायला बत्तीस घरं मिळतात, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. त्यातून होणारे पत्ते 4,29,49,67,296. म्हणजे बरोबर चार जीबी. पाचव्या जीबीला देण्यासाठी नंबरच शिल्लक नाही. तुम्ही आठ बसवा, सोळा बसवा, नंबर तेवढेच.

मग चार तरी पूर्ण का दिसत नाही? कारण हे पत्ते फक्त रॅमसाठी नसतात. ग्राफिक्स, यूएसबी, नेटवर्कचं कार्ड, बायोसची चिप, या सगळ्यांशीही प्रोसेसर पत्त्यावरूनच बोलतो, आणि त्यांचे पत्ते चार जीबीच्या वरच्या टोकाला राखून ठेवलेले असतात. तेवढ्या पत्त्यांवरची रॅम झाकली जाते. शिवाय माझ्यासारखं वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन असेल तर स्क्रीनसाठी रॅममधलाच एक तुकडा कापून जातो. असं करत करत कुणाला सव्वातीन दिसतात, कुणाला साडेतीन, मला 2.96. विंडोज या भागाला हार्डवेअर रिझर्व्हड म्हणते. पोटखराबाचा दुसरा वर्ग!

गंमत अशी, की प्रोसेसर याहून पुढं कधीच गेले होते. इंटेलच्या 1995 च्या पेंटियम प्रो पासून पत्त्याला छत्तीस बिट देता येत होते, म्हणजे 64 जीबीपर्यंत. सर्व्हरच्या काही 32 बिट विंडोज ते वापरायच्याही. पण घरगुती विंडोजमध्ये ते बंद ठेवलं गेलं, कारण प्रिंटर-स्कॅनरसारख्या वस्तूंचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी चार जीबीच्या पलीकडचा पत्ता कधी गृहीतच धरला नव्हता. तसा पत्ता समोर आला की मशीन कोलमडायची. 2003 साली एएमडीनं 64 बिटचे प्रोसेसर आणले, मग इंटेलनं तोच रस्ता धरला, आणि आता हा प्रश्न नव्या मशीनवर राहिला नाही. पण आपल्याकडं 2012 च्या सुमाराला दोन जीबीचं मशीन जोडून देणारा माणूस सवयीनं 32 बिटचीच विंडोज टाकायचा. तेव्हा त्यात काही चूकही नव्हती.

दुकानात येणाऱ्यांना मी आता क्रमानं विचारतो. बायोसमध्ये किती दिसते? तिथंच कमी दिसत असेल तर विंडोजला दोष देऊ नका. पट्टी, खाच किंवा मदरबोर्ड पाहा. मदरबोर्डचीही मर्यादा असते. जुन्या जी-31 चिपसेटच्या बोर्डावर चार जीबीच्या वर काही चढत नाही, विंडोज कुठलीही असो. स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर-टूच्या काही चार जीबीच्या पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात आणि इंटेलवर मशीन सुरूच होत नाही. यात फसलेले दोघं-तिघं मी पाहिलेत. बायोसमध्ये पूर्ण दिसते आणि विंडोजमध्ये युजेबल कमी, असं असेल तर आधी बत्तीस की चौसष्ट ते बघा. चौसष्ट असूनही कमी असेल तर ती एमएसकॉन्फिगची खूण बघा, आणि ग्राफिक्ससाठी बायोसमध्ये किती राखून ठेवलंय ते बघा. विंडोज 7 च्या काही स्वस्त आवृत्त्यांना स्वतःचीही मर्यादा होती. स्टार्टर नावाची तर दोन जीबीच्या वर जायचीच नाही.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पोराला शिकवलंही मीच होतं.

शनिवारी रात्री अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बदगुमानीवर जुम्याच्या बयानात आपण सगळ्यांनीच पुष्कळ ऐकलेलं असतं, म्हणून मला वाटलं तसं काहीतरी सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, "लोगां के सामने बोला?" हो म्हणालो. "तो लोगां के सामने वापस ले." आणि कूस बदलून झोपले.

रविवारी दुपारी पाऊस होता. दुकान चुलतभावावर सोपवून मोटारसायकलनं पोराच्या गावी गेलो. अधिक मास चालू होता, त्यांच्या घरी जावई आलेला, धोंडे केलेले. मला पाहून त्याची आई म्हणाली, "आज दुकान उघडं हाय का? ह्यो तर म्हणाला, मोहर्रमची सुट्टी हाय दोन दिवस." त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं. मला पाटावर बसवलं, धोंड्यांवर तूप वाढलं. ते घास गिळताना काय झालं ते माझं मला माहीत.

तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. पत्र्याच्या आडोशाला उभं राहून मी म्हणालो, तू बुधवारी सांगत होतास, मी ऐकलं नाही. नांदेडला फोन केला होता, हेही सांगितलं. हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण मग ती माफी अर्धीच राहिली असती. तो पावसाकडं बघत म्हणाला, "भाई, गाढव म्हणाला असता तरी चाललं असतं. पैशाचं नको होतं."

मी म्हणालो, उद्या शेवटचा दिवस आहे. तो म्हणाला, बघतो.

सोमवारी पावणेनऊला तो दुकानापुढं उभा होता. पायरीवर रात्रीपासूनची माणसं होती, त्यात शुक्रवारचा तो म्हाताराही. त्याचा अर्ज त्या दिवशी अडकला तो अडकलाच होता. शटर वर केलं आणि आत जाण्याआधी मी तिथंच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की परवा मी याला पैशाबद्दल बोललो ते खोटं होतं, हिशोब पैशापैशाला बरोबर आहे, चूक माझी आहे. दोघा-चौघांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळलंही नाही. एकजण म्हणाला, ते राहू द्या, आधी साइट चालू आहे का ते बघा. म्हाताऱ्यानं मात्र पोराकडं बघून मान हलवली.

मग दहा मिनिटांत पोरानं त्याचं म्हणणं करून दाखवलं. काउंटरवरच्या मशीनमधली एक पट्टी काढली. मशीन चालू केली: इन्स्टॉल्ड 4.00, युजेबल 2.96. निम्मी मेमरी काढून घेतली आणि आकडा जागचा हलला नाही. काढलेली पट्टी आतल्या मशीनमध्ये गेली. त्यावर विंडोज 10 ची 64 बिट होती. तिथं चाराचे आठ झाले आणि सगळेच्या सगळे कामाला आले. मी म्हणालो, आता काउंटरवरच्याची विंडोजही बदलू का? त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की शेवटच्या दिवशी विंडोज बदलणाऱ्या माणसाला विमा काढायची गरज आहे. जड कामं आत, टायपिंग आणि झेरॉक्स बाहेर, अशी वाटणी करून आम्ही दिवस काढला. म्हाताऱ्याचा अर्ज आतल्या मशीनवर पहिला भरला. रात्री कळलं, तारीख 3 ऑगस्टपर्यंत वाढली. तीन रात्री आणखी जागलो.

नांदेडच्या दुकानदाराकडं त्यानंतर स्वतः गेलो. माझी माफी त्यानं ऐकूनच घेतली नाही, चहा मागवला, आणि मग मला अजून दोन पट्ट्या विकल्या.

पंधरा ऑगस्टनंतर गर्दी ओसरली तेव्हा काउंटरवरच्या मशीनचं काम काढलं. जुनी हार्ड डिस्क तशीच काढून ठेवली. डोंगलचं सॉफ्टवेअर 64 बिटवर चालणार नव्हतं, म्हणून एका तिसऱ्या भंगार मशीनला ती लावून फक्त जुन्या नोटिसांसाठी ठेवली. नव्या डिस्कवर 64 बिट टाकली, दोन्ही खाचांत चार-चारच्या पट्ट्या. सगळं होईपर्यंत इशाची अजान झाली होती. पोरानं प्रॉपर्टीज उघडलं: इन्स्टॉल्ड 8.00, युजेबल 7.88.

मी आकडा दोनदा वाचला आणि म्हणालो, तरी बारा पैसे कमीच दिसतात रे.

तो स्क्रू आवळत होता. वर न बघता म्हणाला, "भाई, एवढा पोटखराब राहणारच."